अर्धी हवा

ऐंशी किलो.
आरसा, त्याचं खोकं, खालचा फिरता पाट, वरची नळी.
वीस वर्षं एक कडी लॅक्लनच्या हातात, एक माझ्या.
शेडपासून कुंपणापर्यंत चाळीस पावलं
आणि दर दहाव्या पावलाला
'टेकव' असं आधी कोण म्हणतं, याची मुकी शर्यत.
बहुतेक वेळा तोच हरायचा. 'टेकव, इझबेल.'

मार्चमध्ये डनीडनच्या सर्जननं त्याच्या कण्यात दोन स्क्रू बसवले
आणि कागदावर लिहून दिलं:
भरल्या केटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही.
कागद फ्रिजवर आहे, चुंबकाखाली.

मग मी गाडा करायला घेतला.

पहिली चाकं दुकानातली,
ऑफिसच्या खुर्चीला असतात तसली, चहूकडे वळणारी.
शेडच्या फरशीवर नाचली.
गवतावर आली
आणि चौघी चार दिशांना तोंडं करून रुसून बसल्या.
स्वयंपाकघराच्या खिडकीतून लॅक्लन म्हणाला,
'सांगितलं होतं मी.'
सांगितलं नव्हतं.
हे वाक्य आमच्या घरात मिठासारखं लागतं, चव न बघताच पडतं.

दुसरी चाकं मेलेल्या लॉनमोवरची, हवेची, जाडजूड.
दांड्यांसाठी जर्दाळूच्या बागेतली शिडी
उभी चिरली मधोमध.
पायऱ्या निखळल्या, त्या चुलीत गेल्या.
मातियूनं लोखंडी चौकट वेल्ड करून दिली,
एका बाजूनं उघडी, घोड्याच्या नालेसारखी:
खोकं मधे घ्यायचं, दोन खिट्ट्या सारायच्या, दांडे उचलायचे.
पैसे घेतले नाहीत.
म्हणाला, पोरीला शनी दाखव, फिटलं.

पहिल्या रात्री शनी दाखवता आला नाही.
खडीच्या वाटेवर गाडा असा खडखडला
की आरशानं अंग चोरलं,
आणि काचेत बघावं तर प्रत्येक ताऱ्याला शेपूट फुटलेलं.
सगळं आकाश बेडकांच्या पिल्लांचं डबकं.
अनाहेरा नऊ वर्षांची. तिला तेच आवडलं.
मी स्क्रू पिळत बसले, बोटं बधिर होईतो.
ती कंटाळली, चाकाशी बसली
आणि नखानं व्हॉल्व दाबला.
फुस्स.
मी ओरडणार होते.
पण चाक कसं बसलं ते पाहिलं:
जेवून उठलेल्या माणसासारखं, पोट सोडून.
'दुसऱ्याचीही काढ,' म्हटलं. 'अर्धीच.'

आता खडे टायरच्या पोटात जातात,
आरशापर्यंत पोचत नाहीत.

जुलै. उणे सहा.
गवत पायाखाली पापडासारखं मोडतं.
ज्येष्ठा ऐन डोक्यावर, तांबूस;
त्रिशंकू शेडच्या पत्र्यावर, जरा कललेला.
खोकं जागेवर ठेवलं, खिट्ट्या काढल्या,
रिकामा गाडा मागे ओढला.
रिकामा गाडा बघून काहीतरी सुचतंच माणसाला.

चौकटीवर मेंढ्यांच्या कोंडवाड्याची फळी टाकली,
फळीवर त्याच्याच खुर्चीची उशी,
आणि दाराशी नेऊन उभा केला.
'बस.'
त्यानं फ्रिजकडे बोट दाखवलं.
'तो कागद तुला लिहिलाय,' मी म्हटलं, 'मला नाही.
शिवाय तू अडुसष्ट. ती ऐंशी.'

तो माझ्याकडे तोंड करून बसला,
दोन घोंगड्या, लोकरीची टोपी, मांडीवर थर्मास,
आणि निघालो.
दहाव्या पावलाला सवयीनं त्याच्या तोंडून आलं,
'टेकव, इझबेल.'
नाही टेकवलं.
विसाव्याला तो गप्प. तिसाव्यालाही.
माझ्या श्वासाची वाफ त्याच्या चष्म्यावर जात होती,
त्यानं पुसली नाही.

नरतुरंगातला तो मोठा गुच्छ मी आधीच धरून ठेवला होता.
तो वाकला नाही, वाकता येत नाही;
मी नळी त्याच्या डोळ्यापर्यंत खाली आणली.
बराच वेळ काही बोलला नाही.
कुठेतरी एक मेंढी खोकली.

मग डोळा न काढता म्हणाला,
'डावं चाक करकरतंय.'